ठकीच्या चुलीचा वाटा

सिद्धगडाच्या पायथ्याशी आवळीची वाडी नावाची ठाकरांची एक वस्ती आहे. माझ्या नर्सच्या नोकरीची शेवटची वर्षं तिथल्या उपकेंद्रावर गेली. त्याआधी मी शेणव्याला होते, तिथे निदान रस्ता होता. इथे म्हसा गावात एसटीतून उतरायचं, जीप मिळाली तर जीप, नाहीतर लसींचा डबा खांद्याला अडकवून चालू पडायचं. माझे गुडघे या वाडीने खाल्ले. सरकारने पेन्शन दिलं, गुडघे काही परत दिले नाहीत.

आता कोणी विचारलं की इतक्या वर्षांत काय पाहिलंत, तर मला ठकी आठवते. तिचं कुठे नाव झालं नाही, तिला कोणी पुरस्कार दिला नाही, आणि दिला असता तर तो ठेवायला तिच्या झोपडीत फळीही नव्हती. हाडकुळी, काळीसावळी, कपाळावर गोंदण, आणि बोलताना सतत कुठेतरी दुसरीकडे बघणारी बाई. नवरा कधीच गेलेला. एकच मुलगी, मीना, वाडीतच दिलेली. मीनाची मुलगी रुपा. एवढाच तिचा संसार.

तिची गोष्ट सांगायची तर आधी वाडीची एक रीत सांगावी लागेल. वनखात्यातलं कोणी हे वाचत असेल तर त्याने पुढचा एक परिच्छेद सोडून द्यावा.

वाडीत शिकार आली की ती मारणाऱ्याची नसते. पळसाची पानं मांडायची आणि चुलीमागे एक वाटा घालायचा. दहा माणसांची चूल असो की एकट्या म्हातारीची, वाटा सारखाच. पोटुशी बाई असेल तर पोटातल्या जिवाचा अर्धा वाटा वेगळा. आणि वाटणी चालू असताना वाटेने जो कोणी येईल, तो वैरी असला तरी त्याला एक पान. मी पहिल्यांदा गेले तेव्हा नेमकी सशाची वाटणी चालू होती. म्हातारा कारभारी धाऊ याने माझ्या हातात पान ठेवलं. मी माळकरी घरातली, मी हात मागे घेतला. धाऊ म्हणाला, "खा नाय तर कोणाला दे बाई, पर घे. वाटा नाय घेतला तर मानूस आला कशाला म्हनायचा?" मी ते पान घेऊन खाली आले आणि जीपवाल्याला दिलं. तो खूश झाला. वाडीत एक म्हण होती, वाट्याबाहेरचं खाल्लं की अंगाला लागत नाय. मला तेव्हा ती म्हण फार आवडली होती. पुढे तिचा कंटाळा आला.

मग २००५ चा जुलै आला. त्या पावसाबद्दल मुंबईने इतकं लिहून ठेवलंय की मी वेगळं काय सांगणार. आमच्याकडे वरचा डोंगर सुटला आणि वाडीचा वरच्या अंगाचा भाग, घरं, गोठे, माणसं, सगळं घेऊन ओढ्यात उतरला. मीना आणि तिचा नवरा त्यात गेले. रुपा त्या रात्री ठकीकडे झोपली होती म्हणून राहिली. सात वर्षांची असेल. मी चौथ्या-पाचव्या दिवशी पोचले तेव्हा उरलेली वाडी वस्तीशाळेच्या दोन खोल्यांत होती आणि ठकी तीन दगडांवर मोठं पातेलं ठेवून सगळ्यांना पेज वाढत होती. स्वतःच्या मुलीचं प्रेत मिळून दोन दिवस झाले होते. मी म्हटलं, "ठके, बस जरा." ती म्हणाली, "बसून काय करू बाई? बसला की दिसतंय सगळा."

मदत आली. मदतीबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मी थकलेली बाई आहे, मला थोडं बोलू द्या. बिस्किटं आली, इतकी की पोरांना त्याचा वास नको झाला. कपडे आले. त्यात लोकरीचे स्वेटर, लग्नातले कोट आणि एका गाठोड्यात नुसते टाय. धाऊने ते शेळ्या बांधायला घेतले. पुढे वर्षभर वाडीतल्या शेळ्या टाय लावून चरत होत्या. बातम्यांतून डोंगर गेला तशा गाड्याही गेल्या. असतील शिते तर जमतील भुते म्हणतात, इथे उलटं होतं. शिते घेऊन भुते आली, फोटो काढून गेली आणि भुकेली माणसं तिथेच राहिली.

एक संस्था मात्र टिकली. तिचं नाव सांगत नाही, त्यांची माणसं वाईट नव्हती. त्यांनी मुरबाडला एक खोली भाड्याने घेतली आणि वाडीत पक्क्या जोत्यावर निळ्या पत्र्याची शेड बांधली. तिला बालघर म्हणायचे. दिवाळी झाली, भात झोडून झालं की ही सगळी वाडी भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जाते, ती पावसाच्या तोंडाला परत येते. पोरंही बरोबर जातात, शाळा बुडते, आणि डोंगरातून वाचलेली पोरं भट्टीच्या धुरात खोकत बसतात. संस्थेचं म्हणणं होतं, पोरांना इथे ठेवा. आम्ही जेवू घालू, रात्री झोपायला घोंगड्या देऊ, शाळेत पाठवू. एक-दोन हंगाम नाही, तीन-चार वर्षं. मला हे पटलं. आयुष्यात फार कमी गोष्टी मला पहिल्या फटक्यात पटतात.

बालघर बघायला शीतल नावाची मुलगी आली. ठाण्याची, तेवीस-चोवीसची, पायात बूट, बोलायला गोड आणि कामाला वाघ. स्वयंपाकाला आणि पोरांजवळ झोपायला तिने ठकीला ठेवलं. संस्थेच्या माणसांनी तिला शाळेतल्या पातेल्यापाशी पाहिलं होतं ना.

ठकीला ते काम हवं होतं ते वेगळ्या कारणासाठी. रुपावर हक्क चुलत्याचा, म्हणजे कमळूचा. त्याचं घर वाडीच्या खालच्या अंगाला, ते वाचलं होतं. पोर बापाच्या घराची असते, आईच्या आईची नसते, यावर वाडीत कोणाचं दुमत नव्हतं. कमळू वाईट माणूस नव्हता. त्याची बायको भट्टीवर विटा थापायची, अंगावर पोर होतं, ते सांभाळायला रुपा हवी होती. सात-आठ वर्षांच्या पोरी तिथे हेच करतात, कडेवर पोर घेऊन दिवसभर उन्हात उभ्या. ठकी त्याच्यासमोर रडली तेव्हा तो म्हणाला, "मावशी, मला काय पोर विकायची हाय? ती शेड तिला खायला घालतीय तोवर राहू दे तुझ्याकडं. शेड बंद झाली की माझ्याकडं." ठकीने हे माझ्यासमोर कबूल केलं. त्या दिवसापासून बालघर उघडं राहणं म्हणजे रुपा राहणं, एवढा एकच हिशोब तिला कळत होता.

आणि तरीही तिने ते घालवायची वेळ आणली. कशी, ते सांगते.

बालघराचा नियम साधा होता. दूधपावडर, चणे, गूळ, अंडी, डाळतांदूळ, हे सगळं दहा वर्षांच्या आतल्या पोरांसाठी. त्यांनी आत बसून खायचं, बाहेर काही जायचं नाही. पहिल्या आठवड्यातच शीतलला दिसलं की पोरं अर्धं अंडं तोंडात धरून घरी पळतात आणि धाकट्या भावाच्या नाहीतर आजीच्या तोंडात घालतात. तिने दाराला कडी लावून घेतली. जोत्यावर म्हाताऱ्या येऊन बसायच्या. त्यात लहानी नावाची सगळ्यात म्हातारी. तिचा एकुलता मुलगा डोंगराखाली गेला होता, सून माहेरी निघून गेली. ती काही मागायची नाही. नुसती बसायची आणि आतल्या वाट्यांचा आवाज ऐकायची.

पुढच्या वर्षीचा पाऊस लागला. भादव्यात वाडीतले दाणे संपतात, लवकर पिकणारं हळवं भातही अजून हिरवं असतं, तेव्हा लोक रानातले कंद उकळून खातात. मी दर महिन्याला पोरांची वजनं करायचे. शीतल काट्याकडे बघत म्हणायची, "सिस्टर, इतकं देतोय, वजन का वाढत नाही?" जंताच्या गोळ्या झाल्या, रक्त तपासून झालं. मी इकडे पोरांचे हडकुळे हातपाय बघत होते आणि तिकडे लहानीचे गाल भरत चाललेले बघत होते. मला कळलं. मी बोलले नाही. माझं खातं लसींचं आणि बाळंतपणाचं, दूधपावडरीचं नव्हतं, आणि मला त्याचं आजही काही वाटत नाही.

दर शनिवारी शीतल मुरबाडला जायची. त्या दिवशी ठकी जोत्यावर पळसाची पानं मांडायची, पोत्यातलं काढायची आणि चुलीमागे वाटा घालायची. चोरून नाही. भर दुपारी, सगळ्यांसमोर, धाऊला शेजारी बसवून. स्वतःला एक दाणा जास्त नाही. तिच्या डोक्यात हे चोरी म्हणून आलंच नव्हतं. वाडीत आलेलं खाणं वाडीत वाटलं जातं, ते पोत्यातून येवो की रानातून.

त्या शनिवारी मीही होते, एक बाळंतीण बघायला आलेले. सोमवारी यायचे होते ते संस्थेचे मुंबईचे साहेब देणगीदारांना घेऊन दोन दिवस आधीच आले. शीतल पुढे धावत होती, तिला मुरबाडच्या अर्ध्या वाटेवरून उलटं फिरवलं होतं. जोत्यावर पानांच्या रांगा. प्रत्येक पानावर पांढऱ्या पावडरीची ढिगोळी, मूठभर चणे, गुळाचा खडा. सगळी वाडी बसलेली.

कोणीही शहाणी बाई पळाली असती, निदान पदराने पानं झाकली असती. ठकीने आलेली माणसं नजरेने मोजली, ड्रायव्हरसकट. मग प्रत्येक पानावरची चिमूटचिमूट काढून तिने नवी पानं भरली. आणि उठून, दोन्ही हातांवर पान धरून, साहेबांच्या पुढे केलं.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"तुमचा वाटा, सायेब."

साहेबांनी ते घेतलं. माणूस सभ्य, पुढे आलेली वस्तू हातात घेतली त्याने. वारा आला आणि अर्धी पावडर त्यांच्या शर्टावर गेली. ते म्हणाले, "पण हे मुलांचं आहे."

"पोरांचा वाटा गेला की त्यांच्या चुलीत," ठकी म्हणाली. "तुमी लांबून आलाव. घ्या."

धाऊ हसत होता, त्याला वाटलं फार छान झालं. पाहुण्यांनी वाटा घेतला म्हणजे पाहुणे आपले झाले. एक देणगीदार बाई तोंडावर रुमाल धरून उभी होती. शीतलच्या डोळ्यांत पाणी आलं. ड्रायव्हर तेवढा शहाणा, त्याने गूळ खाऊन टाकला.

पुढच्या आठवड्यात पोती आली नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. शीतलने शेडला कुलूप लावताना मला सांगितलं, "सिस्टर, वरचे म्हणतात मुलांच्या तोंडचं लुटलं गेलं. मी किती सांगितलं." मी तिला म्हटलं, तुझी चूक नाही. कोणाची होती ते मला सांगता आलं नसतं.

दसऱ्याला कमळू ठकीच्या दारात आला. भांडला नाही, नुसतं म्हणाला, "मावशी, दिवाळी झाली की निघतो आमी. पोरीची घोंगडी बांधून ठेव." रुपा चुलीपाशी होती. डोंगर पडल्यापासून ती फार कमी बोलायची, पाऊस जोरात लागला की घराचा खांब धरून बसायची. बालघरात कुठे जरा बोलायला, पाटीवर गिरवायला लागली होती. तिने चुलत्याकडे पाहिलं आणि उठून खांबाशी जाऊन उभी राहिली. बाहेर लख्ख ऊन होतं.

दुसऱ्या दिवशी ठकी उपकेंद्रावर आली. "बाई, मुरबाडला चल. मला त्या सायबाशी बोलायचा हाय." मी रजा टाकली. उपकेंद्रात आधीच मी एकटी, पण म्हटलं जाऊ दे, लोक एक दिवस आजारी पडायचे थांबतील. मुरबाडच्या त्या खोलीत साहेब भेटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठकीबाई, देणारा मुलांसाठी देतो. उद्या त्याला काय उत्तर देऊ? तुम्ही वाडीसमोर चूक झाली म्हणून सांगा आणि पुन्हा मुलांशिवाय कोणाला दाणा देणार नाही असा शब्द द्या. मी उद्याच कुलूप काढतो." माणूस खोटं बोलत नव्हता. मी मनात त्याच्याशी भांडायची तयारी करून गेले होते, आणि भांडायला जागाच नव्हती.

ठकी एक क्षणही थांबली नाही. "चुकला माझा, सायेब."

परतताना जीपमध्ये ती माझ्याशेजारी बसली होती. म्हसा गेलं, चढ लागला, तेव्हा तिने विचारलं, "बाई, माझा काय चुकला गो?"

मी म्हटलं, "मला नाही माहीत ठके. पण म्हणालीस ते बरं केलंस."

तिने वाडीसमोर सांगितलं. धाऊला आधी कळलंच नाही ती काय बोलते आहे. मग कळलं तेव्हा तो उठून गेला. कुलूप निघालं, पोती आली. पहिल्याच शनिवारी लहानी हातात पळसाचं पान घेऊन जोत्यावर आली. ठकीने तिला पाहिलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. आतून कडी. लहानी तिन्हीसांजेपर्यंत बसली होती म्हणतात. मग पान तिथेच ठेवून गेली आणि परत कधी त्या जोत्याला शिवली नाही.

दिवाळीनंतर मोठी माणसं भट्टीला गेली, पोरं राहिली, रुपा राहिली. त्या थंडीत मागे राहिलेल्यांनी रानडुक्कर मारलं. पानं मांडली. धाऊने चुली मोजल्या आणि ठकीची चूल सोडून दिली. कोणी शिवी दिली नाही. मी धाऊला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "जी चूल दार लावून खाते तिला वाटा कशाला? ती काय उपाशी हाय?" त्यानंतर ठकीला हळदीला बोलावणं नाही, बारशाला नाही, लावणीला तिच्या शेतात कोणाचा हात नाही. तिने तिची दोन खाचरं पावसात एकटीने लावली. मी तिला विचारलं, राग येतो का? ती म्हणाली, "कोणाचा करू? त्यांचा खरा हाय, नि माझी पोर बी खरी हाय." आणि मग रडली, तोंड झाकून, आवाज न करता. मला तिचं सांत्वन करता आलं नाही. माझ्याकडे लोहाच्या गोळ्या होत्या, त्या दिल्या.

पोरांची वजनं वाढली. हे मान्य करायला हवं, काटा माझा होता. रुपाचे हात भरले, केस काळे झाले, ती वाचायला लागली आणि इतकी बडबड करायला लागली की ठकी म्हणायची, "देवा, थोडी मुकी होती तीच बरी होती." साहेब वर्षातून दोनदा पाहुणे घेऊन यायचे आणि आता दार बंद, ताटं ओळीत, सगळं नीट. शीतल लग्न होऊन गेली, तिच्या जागी दुसरी आली, मग तिसरी. ठकी तीच, तीच पातेली, तीच कडी. आणि बाहेर तीच वाडी, तिच्याकडे पाठ करून.

२००९ मध्ये संस्थेचं काम पूर्ण झालं. म्हणजे त्यांचं तसं म्हणणं होतं. पत्र्याची शेड पंचायतीला दिली, ठकीला एक साडी दिली, टाळ्या झाल्या. दुसरीकडे कुठे पूर आला होता, तिकडे त्यांना जायचं होतं. चार वर्षं थांबले हेच पुष्कळ, बाकीचे तर चार दिवसही थांबले नव्हते. त्या दिवाळीला वाडीतली पोरं पुन्हा आईबापांच्या मागून भट्टीला जायला निघाली, आणि मी हे लिहिते तेव्हा मला नुसता थकवा येतो, दुसरं काही नाही.

मी लसीकरणाला गेले होते त्याच सकाळी गावदेवीच्या पारावर वाडी बसली होती. कमळूने पंच मागितले होते. आता त्याला आणखी एक पोर झालं होतं आणि रुपा अकरा वर्षांची, हाताशी आलेली. त्याने सरळ सांगितलं, "बोलणं झाला होता. शेड हाय तोवर तिची, शेड बंद झाली की माझी. मी तीन-चार वरसं तोंडातून शब्द काढला नाय. भावाची पोर हाय, टाकून थोडीच देणार हाय?"

खोटं काय होतं त्यात? रुपा पाराच्या खाली उभी होती. खालच्या गावातल्या शाळेत नुकतीच पाचवीत गेलेली, अंगावर शाळेचाच निळा फ्रॉक. ठकी सगळ्यांपासून जरा लांब, जमिनीवर बसलेली. तिने पहिल्यांदाच कोणाकडे नजर लावून बघितलं, ते रुपाकडे.

धाऊने रीतीप्रमाणे विचारलं, "ठकीच्या चुलीकडून कोण बोलतोय?"

कोणी बोललं नाही. चुलीकडून बोलायला शेजारची चूल लागते, आणि ठकीला शेजार उरला नव्हता. पोरीसाठी तिने शेजार सोडला, आणि आता त्याच शेजारावाचून पोर जात होती. माझ्याने राहवेना. मी उठले आणि म्हटलं, "मी बोलते. मुलीची शाळा—"

"बाई," धाऊ अदबीने म्हणाला, "तुमची चूल वाडीत नाय." मी खाली बसले. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं, अशी ठकीची गत झालेली मला दिसत होती, आणि मी फक्त लसींचा डबा मांडीवर धरून बसले होते.

कमळूने रुपाला हाक मारली. ती हलली नाही. तो उठला, तिच्या दंडाला धरलं. जोरात नाही, घरच्या पोरीला धरतात तसं.

"सोड तिला," कोणीतरी म्हणालं.

लहानी होती. आता तिला नीट दिसतही नव्हतं. काठी टेकत ती पुढे आली, चाचपडत रुपाच्या दंडापर्यंत पोचली आणि कमळूच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. दंड दाबून पाहिला, बाजारात कोंबडी बघतात तसा.

"भरली हाय पोर," ती म्हणाली. "कशानं भरली रे कमळू?"

"शेडीच्या खान्यानं."

"शेडीचा खाना कोनाचा होता? वाडीत आला म्हंजे वाडीचा. चुलीमागं वाटा होता. माझा होता, धाऊचा होता, तुझा बी होता. तो आमाला नाय मिळाला. मी जोत्यावर बसून आयकला, आत पोरं खात होती. माझा वाटा या पोरीच्या अंगात गेला." तिने रुपाचा दंड पुन्हा हलवला. "हा माझा वाटा हाय. हा धाऊचा हाय. तू एकटा कसा नेशील? वाडीचा वाटा एकानं उचलून नेतात काय कुठं?"

 मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली, बालहक्क म्हणा, पुनर्वसन म्हणा. असं काही ऐकलं नव्हतं. 

कमळू चिडला नाही. तो विचारात पडला, हीच मोठी गोष्ट. मग म्हणाला, "बरा. मग आता पोसणार कोण हिला? सगळी वाडी तर भट्टीला चाललीय."

"जाणाऱ्यांनी जावा. आमी म्हाताऱ्या हावंत इथंच. आज माझ्याकडं जेवल, उद्या धाऊकडं. पेजच हाय, पर हाय."

धाऊने मान हलवली. कमळूने दंड सोडला. "माझ्या पोरांना कोण घेईल?" असं काहीतरी पुटपुटत तो गेला, आणि त्याच्या बायकोने त्या हंगामात पाठीला पोर बांधूनच विटा थापल्या असणार. 

पार मोकळा झाला. ठकी उठून लहानीच्या पायाशी वाकली. लहानीने पाय मागे घेतले.

"दार लावला होतास तू," ती म्हणाली. "ते नाय इसरले मी."

"मी बी नाय इसरले, काकी," ठकी म्हणाली.

त्या दुपारी रुपा लहानीच्या चुलीपाशी जेवायला बसली. वरीची पेज आणि मीठ. ठकीला कोणी बोलावलं नाही. ती आपल्या दारात बसून समोरच्या झोपडीत रुपाचा वाटीतून पेज ओरपण्याचा आवाज ऐकत होती. मी तिच्याशेजारी टेकले. ती म्हणाली, "जेवतीय ना गो बाई?"

"जेवतेय," मी म्हटलं.